बीटा टाकून बघितला, आता जुन्या व्हर्जनवर परत जायचंय. डेटा न घालवता कसं जायचं?

मीनल_वारजे
नमस्कार मंडळी, सरळ विषयाला येते. घरात एक आयफोन आहे, एक अँड्रॉइड आहे, आणि मी नि माझ्या भावानं दोघांनीही पुढच्या व्हर्जनचा बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेलं व्हर्जन, टाकलाय. नवीन काय आलंय ते बघायचं होतं, बघून झालं, काही गोष्टी आवडल्या पण. आता मात्र रोजच्या कामाचं घोडं अडायला लागलंय. माझ्या बँकेचं ॲप उघडलं की पांढरा स्क्रीन येतो आणि आपोआप बंद होतं. भाऊ सोसायटीच्या गणपतीचा खजिनदार आहे, वर्गणी बहुतेक सगळी क्यूआरवर येते, लोक दारात उभं राहून "पाठवले बघा" म्हणतात आणि ह्याच्या बँकेच्या ॲपमधून काही कळत नाही पैसे आले का नाही ते, मग पावती फाडायची का थांबायचं? काल शेवटी आईच्या फोनवरून स्टेटमेंट काढलं आणि नावं जुळवत बसलो.

तर दोघांनाही मागच्या स्टेबल, म्हणजे सगळ्यांसाठी आलेल्या पक्क्या व्हर्जनवर जायचंय. काय काय जातं, काय काय राहतं, आणि कुठल्या क्रमानं करायचं ते अनुभवी लोकांनी सांगा. आणि एक मत पण मांडते, पटलं नाही तर भांडा: ज्या कंपन्या एका बटणावर बीटा देतात त्यांनी एका बटणावर परतही आणलं पाहिजे. आत जायला मोठं दार आणि बाहेर यायला खिडकीपण नाही हे मला मान्य नाही.

चिन्मय_बी
बीटा टाकायच्या आधीचा बॅकअप आहे का? बाकी सगळं त्यावर ठरेल.

मीनल_वारजे
माझा लॅपटॉपवर आहे, बीटाच्या आधी काढलेला. भावाचा गूगलवर आपोआप होतो तेवढाच.

टिळकरोड_रिपेअर
ताई, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे माझं, हे प्रकरण दर वर्षी जून ते सप्टेंबर हमखास येतं. आयफोनचं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे आज जो बॅकअप घ्याल तो जुन्या व्हर्जनवर चढणार नाही. नवीन आयओएसवर काढलेला बॅकअप त्याहून जुन्या आयओएसवर रिस्टोर होत नाही, सरळ नकार देतो. म्हणजे तुमच्या कामाचा तो लॅपटॉपवरचा जुनाच. तो आधी अर्काइव्ह करून, म्हणजे त्यावर दुसरा लिहिला जाणार नाही असा बाजूला ठेवा. मॅक असेल तर फाइंडरमध्ये फोन निवडायचा, मॅनेज बॅकअप्स, त्या बॅकअपवर राइट क्लिक करून अर्काइव्ह. हे नाही केलं आणि फोन जोडल्या जोडल्या नवीन बॅकअप सुरू झाला तर जुन्यावरच लिहिला जातो, मग बसा बोंबलत. तो बॅकअप एन्क्रिप्टेड (पासवर्ड लावून कुलूपबंद केलेला) असेल तर पासवर्ड, वायफाय, हेल्थचा डेटा सगळं त्यात असतं. साधा असेल तर ते नसतं.

मग फोन केबलनं जोडून रिकव्हरी मोड. व्हॉल्यूम अप दाबून सोडा, व्हॉल्यूम डाऊन दाबून सोडा, मग साइड बटण दाबून धरा, ॲपलचा लोगो आला तरी सोडू नका, केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र दिसलं की सोडा. लॅपटॉप विचारतो अपडेट का रिस्टोर. रिस्टोर. सगळं पुसलं जाऊन सध्याचं पब्लिक व्हर्जन येतं.

आता इथे लोक अडकतात ते सांगतो. फाईल बरीच जीबीची असते, आणि डाउनलोडला पंधरा मिनिटांच्या वर लागली तर फोन आपला आपण रिकव्हरी मोडमधून बाहेर येतो. घाबरायचं नाही, केबल काढायची नाही, डाउनलोड पूर्ण होऊ द्यायचं आणि बटणांचा खेळ परत करायचा. माझ्याकडे निम्मी गिऱ्हाइकं ह्याच पायरीवरून "फोन गेला" म्हणत येतात. फोन कुठे जात नाही.

आणि ॲपल आयडीचा पासवर्ड पाठ आहे ना ते आधी बघा, रिस्टोर झाल्यावर ॲक्टिवेशनला तो लागतोच.

अनघा_द
वरच्या सगळ्यात एक भर. गुरुवारी करू नका, आमच्याकडे कर्वेनगरला मेंटेनन्सला लाईट जाते. फोनच्या बॅटरीचं ठीक आहे, वायफायचा राउटर बंद पडतो आणि डाउनलोड अर्ध्यात.

शिरीष_काका
मीनल, तुझं दार-खिडकीचं मत वाचलं. मी सहमत नाही. बीटा टाकताना स्क्रीनवर स्पष्ट लिहिलेलं असतं की मुख्य फोनवर टाकू नका, आधी बॅकअप घ्या. ते वाचून आपण "ॲग्री" दाबतो. त्यानंतर कंपनीनं परतीची सोय करावी ही अपेक्षा जरा जास्त आहे. ज्या फोनवर बँक आहे, ज्यावर लोकांच्या वर्गणीचा हिशेब आहे, तो फोन प्रयोगाला नाहीच घ्यायचा. ड्रॉवरमध्ये जुना फोन पडलेला असतो प्रत्येकाच्या घरी, त्याच्यावर हौस करावी.

चिन्मय_बी
काका, जुन्या फोनवर नवीन बीटा येतच नाही बऱ्याचदा. सपोर्ट संपलेला असतो.

शिरीष_काका
मग हौस करू नये.

प्राजक्ता_क्यूए
काका, हे नाही पटलं. मी टेस्टिंगमध्ये काम करते आणि मनापासून सांगते, साध्या माणसांनी बीटा वापरला नाही तर आपल्यासारख्यांचे बग कोणाला सापडणारच नाहीत. ऑफिसात बसून टेस्ट करणाऱ्याकडे मराठी कीबोर्ड नसतो, "दऱ्या", "तऱ्हा" लिहून तो र नीट बसतोय का हे कोण बघणार? आपणच बघणार.

एक उदाहरण देते. 2018 च्या फेब्रुवारीत तेलुगूतलं एक जोडाक्षर मेसेजमधून आलं की आयफोनवरची ॲप्स धडाधड बंद पडत होती, आयओएस 11.2.5 वर. तेलुगूत "ज्ञा" लिहितात ते अक्षर. ॲपलनं 11.2.6 काढून ते दुरुस्त केलं. पण त्या वेळी 11.3 चा बीटा चालू होता आणि त्या बीटावाल्यांना हा त्रास नव्हताच, तिथे आधीच दुरुस्त झालेलं होतं. म्हणजे त्या आठवड्यात स्टेबलवाले अडचणीत आणि बीटावाले निवांत. भारतीय लिप्यांचा प्रश्न असला की मी बीटा सोडत नाही, फीडबॅक भरते, स्क्रीनशॉट जोडते, आणि भरत राहणार.

वैभव_सिंहगडरोड
पण फीडबॅक वाचतं कोण

प्राजक्ता_क्यूए
वाचलं नाही तर काय होतं ते विंडोजनं दाखवलंय की. ऑक्टोबर 2018 चं विंडोज 10 चं अपडेट, 1809, आठवतंय? काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाईली उडाल्या, मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं आणि नोव्हेंबरात परत सोडावं लागलं. आणि तो बग इनसायडरवाल्यांनी, म्हणजे विंडोजचा बीटा वापरणाऱ्यांनी, आधीच कळवलेला होता! त्या तक्रारींना मतं कमी पडली म्हणून त्या खाली राहिल्या. त्यानंतर फीडबॅक हब ह्या तक्रारींच्या ॲपमध्ये त्रास किती गंभीर आहे ते सांगायची सोय आली. म्हणून म्हणते, फीडबॅक भरा, आणि दुसऱ्यानं भरलेला दिसला तर त्याला मत द्या.

वैभव_सिंहगडरोड
हे माहीत नव्हतं. ओके.

ओंकार_हिंजवडी
मीनल, तुझ्या मूळ मताबद्दल. मी बॅकएंडला काम करतो, डेटाबेस हा माझा रोजचा विषय, म्हणून "एका बटणावर परत" एवढं अवघड का असतं ते सांगायचा प्रयत्न करतो.

सॉफ्टवेअर मागे नेणं सोपं आहे. जुनी फाईल ठेवायची, परत चालवायची, झालं. अडतं ते डेटापाशी. नवीन व्हर्जन पहिल्यांदा चालू होतं तेव्हा ते तुझे मेसेज, फोटोंची यादी, नोट्स, सेटिंग्ज, सगळ्यांचा साचा बदलतं. एका कॉलमचे दोन करतं, तारखा वेगळ्या पद्धतीनं लिहितं, नवीन टेबल तयार करतं. ह्याला आम्ही मायग्रेशन म्हणतो. विरजण लागलं की त्याचं परत दूध होत नाही तसं आहे हे. नवीन व्हर्जनला जुना साचा वाचता येतो कारण लिहिणाऱ्याला तो माहीत होता. जुन्या व्हर्जनला नवा साचा कसा वाचता येईल, ते लिहिलं तेव्हा नवा साचा अस्तित्वातच नव्हता. शिवाय मधल्या काळात तू नवीन सोयीत जे काही साठवलंस त्याला जुन्यात जागाच नाही, ते टाकायचं कुठे?

म्हणून सगळेच हात वर करतात. पोस्टग्रेस ह्या डेटाबेसमध्ये मोठं व्हर्जन बदललं की जुना सर्व्हर ती डेटाची डिरेक्टरी उघडतच नाही, परत जायचं तर आधी काढलेला डंप (सगळ्या डेटाची उतरवलेली प्रत) लागतो. फायरफॉक्सनं 2019 ला 67 व्या व्हर्जनपासून हे उघडच केलं, नवीन व्हर्जननं वापरलेली प्रोफाईल (बुकमार्क, सेटिंग्ज वगैरे) जुन्यानं उघडायला गेलं की ते थांबवतं आणि नवी प्रोफाईल करायला सांगतं. मला हे प्रामाणिक वाटतं. गुपचूप उघडून बुकमार्कची वाट लावण्यापेक्षा तोंडावर "नाही" म्हणालेलं बरं.

आमच्या टीममध्ये नियम आहे की मायग्रेशन दोन टप्प्यांत करायचं. आधी नवीन कॉलम नुसता जोडायचा, जुना काढायचा नाही, दोन्हीत लिहीत राहायचं. सगळं स्थिरस्थावर झालं, मागे जायची वेळ येणार नाही ह्याची खात्री पटली की मगच जुना उडवायचा. ह्याला वेळ लागतो, डिस्क लागते, आणि वरच्या साहेबाला दर वेळी पटवावं लागतं की हे काम दिसत नसलं तरी काम आहे. तर तुझं म्हणणं अशक्य नाही, पण ते बटण बनवणाऱ्याला आधीपासून बांधत यावं लागतं. शेवटी आणून चिकटवता येत नाही.

मीनल_वारजे
ओंकार, हे फार छान समजावलंत, विरजणाचं तर आईलासुद्धा वाचून दाखवलं. मग माझं मत जरा बदलून मांडते: परत आणता येत नसेल तर आत जातानाच, ठळक अक्षरात, "आजनंतरचा बॅकअप मागे चालणार नाही" एवढं एक वाक्य लिहा. "बॅकअप घ्या" म्हणतात पण तो कुठे चालेल ते सांगत नाहीत.

शिरीष_काका
ह्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा.

सलील_औंध
आयफोनच्या बॅकअपच्या फोल्डरमध्ये इन्फो डॉट प्लिस्ट नावाची फाईल असते, त्यात व्हर्जनचा नंबर हातानं बदलला की नवीन बॅकअप जुन्यावर चढतो. यूट्यूबवर आहे.

टिळकरोड_रिपेअर
सलीलभाऊ, चढतो कधी कधी. मग चढल्यावर एखादं ॲप उघडत नाही, मेसेज अर्धे दिसतात, असं घेऊन लोक दुकानात येतात. वरती ओंकारसाहेबांनी लिहिलंय त्यातच उत्तर आहे, नंबर बदलला म्हणून आतला साचा बदलत नाही. दुसरा काहीच उपाय नसेल तर त्या फोल्डरची कॉपी करून कॉपीवर करा, मूळ बॅकअपला हात लावू नका.

सलील_औंध
बरोबर आहे, कॉपीवरच करावं, ते लिहायला हवं होतं.

निखिल_पाषाण
अँड्रॉइडचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

गूगलचा पिक्सेल फोन असेल तर गूगलच्या बीटा प्रोग्रॅमच्या पानावर जाऊन ऑप्ट आउट करायचं, म्हणजे प्रोग्रॅममधून बाहेर पडायचं. त्यानंतर फोनवर एक अपडेट येतं, साधारण दिवसभरात. ते दिसायला नेहमीच्या अपडेटसारखंच असतं पण ते डाउनग्रेड (जुन्या व्हर्जनवर नेणारं) असतं आणि ते टाकलं की फोन पूर्ण पुसला जातो. फोटो, डाउनलोड्स, सगळं. पण लोकांना एक माहीत नसतं: ते अपडेट टाकायचं बंधन नाही! ऑप्ट आउट करून ते तसंच पडू द्यायचं आणि फायनल व्हर्जन यायची वाट बघायची, ते आलं की टाकायचं, डेटा जागच्या जागी राहतो आणि बीटातून बाहेर पण पडता. गणपतीच्या आत स्टेबल येणार असेल तर भावाला हाच रस्ता सांगा.

आयफोनलाही तसंच आहे, सेटिंग्जमध्ये सॉफ्टवेअर अपडेटमध्ये बीटा अपडेट्स ऑफ करायचं आणि फायनल आलं की घ्यायचं. पुसापुशी नाही.

बाकी कंपन्यांचं वेगवेगळं आहे. सॅमसंगला काँप्युटरवर स्मार्ट स्विच टाकून जावं लागतं, तिथेही फोन पुसला जातो.

आणि हो, अँड्रॉइडचा गूगल बॅकअपपण वरच्या व्हर्जनचा खालच्यावर चढत नाही. तेव्हा काँटॅक्ट्स गूगल अकाउंटमध्ये आहेत का बघा, नाहीतर फोनमध्येच सेव्ह असतात कधी कधी, फोटो सिंक झालेत का बघा, एसएमएस हवे असतील तर वेगळ्या ॲपनं काढा.

भाग्यश्री_जे
निखिल, बूटलोडर (फोन चालू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करून थेट जुनी फॅक्टरी इमेज, म्हणजे कंपनीची अख्ख्या सिस्टीमची फाईल, टाकली तर?

निखिल_पाषाण
अनलॉक करतानाच फोन पुसला जातो, म्हणजे डेटाचा फायदा काही नाही. शिवाय अनलॉक ठेवला तर बँकेची ॲप्स चालायला कुरकुर करतात, म्हणजे ज्यासाठी चाललोय तेच राहिलं, आगीतून फुफाट्यात. करायचंच तर गूगलच्या अँड्रॉइड फ्लॅश टूलनं ब्राउझरमधून करा, ते शेवटी परत लॉक करायचं विचारतं.

आणि इमेज किती जुनी घेताय ते बघा. 2022 च्या ऑगस्टात अँड्रॉइड 13 आलं तेव्हा पिक्सेल 6, 6 प्रो आणि 6ए वर गूगलनं बूटलोडरचा अँटी-रोलबॅक नंबर वाढवला, त्यानंतर त्या फोनवर 12 परत टाकताच येत नाही.

वैभव_सिंहगडरोड
हे मात्र डोक्यात जातं. फोन माझा, पैसे माझे, जुनं व्हर्जन टाकू नको सांगणारे हे कोण?

निखिल_पाषाण
वैभव, राग समजतो पण कारण खरं आहे. समजा जुन्या व्हर्जनमध्ये लॉक तोडायची फट होती आणि ती नवीन व्हर्जननं बुजवली. आता तुझा फोन पीएमटीच्या बसमध्ये कोणी मारला. त्याला जुनं व्हर्जन टाकता आलं तर फट परत उघडी. म्हणून फोनच्या आत एक आकडा असतो, त्याच्यापेक्षा कमी आकड्याचं व्हर्जन सुरूच होऊ देत नाहीत, आणि तो आकडा फक्त वाढतो. ॲपलचा मार्ग वेगळा, तिथे प्रत्येक रिस्टोरला ॲपलच्या सर्व्हरची सही लागते, आणि नवीन व्हर्जन आलं की थोड्याच दिवसांत जुन्याला सही देणं बंद होतं. मग तुमच्याकडे फाईल असून उपयोग नाही.

वैभव_सिंहगडरोड
चोराचं पटलं. पण मग ज्यांचा जुना फोन नवीन व्हर्जनवर हळू झाला त्यांनी काय करायचं? त्यांना पण सही नाही. सिक्युरिटी एवढंच कारण असेल तर जुन्या व्हर्जनमधल्या फटी बुजवून ते चालू ठेवा ना. माझ्या बाबांच्या फोनची हीच गत झाली आणि त्यांना नवीन घ्यावा लागला.

ओंकार_हिंजवडी
वैभवचा हा मुद्दा बरोबर आहे असं मला वाटतं. सुरक्षेसाठी मागचं दार बंद करणं ठीक, पण मग पुढे ढकललेल्या माणसाची सोय बघणं ही त्यांची जबाबदारी होते.

नारायणपेठ_डीटीपी
आम्ही इकडे उलटे. आमच्याकडे नवीन व्हर्जन येतच नाही म्हणून परत जायचा प्रश्न नाही :)

पण विषयाला धरून सांगतो. आमच्या धंद्यात फाईल एकाकडून दुसऱ्याकडे जाते. लग्नपत्रिका, कार्य अहवाल, मंडळांच्या पावत्या, आत्ता सीझनच आहे. डिझायनर पोरगा डिझाईनचं सॉफ्टवेअर कोरल नवीन घेऊन बसतो, फ्लेक्सवाल्याकडे जुनं, फाईल उघडत नाही. आमच्या इथे भिंतीवर लिहून लावलंय, सेव्ह करताना खालच्या यादीतून जुनं व्हर्जन निवडा आणि मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून पाठवा. कर्व्ह केलं की फाँट नसला तरी अक्षर जसंच्या तसं. पण मग त्यात शुद्धलेखन बदलता येत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळी ठेवायची. इनडिझाईनवाल्यांनी जुन्या व्हर्जनमध्येही उघडणारी आयडीएमएल फाईल करून द्यावी. एवढं केलं तर कोण कुठल्या व्हर्जनवर आहे त्यानं काही अडत नाही.

आमच्या एका मशीनवर अजून विंडोज एक्सपी आणि पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर आहे. 2014 ला एक्सपीचा सपोर्ट संपला, आम्ही त्याचं नेट काढून टाकलं. जुन्या फाँटमधली सगळी पुस्तकं तिथेच उघडतात. युनिकोडमध्ये आणली तर जोडाक्षरं तपासत परत सगळं प्रूफ वाचावं लागतं, ते करतोय हळूहळू, घाईनं करायचं काम नाही ते.

अनघा_द
नेट काढून ठेवलंत हे उत्तम केलंत. त्या मशीनची हार्ड डिस्क पण जुनी असणार, तिची इमेज (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) काढून ठेवा कृपा करून. मशीन बसलं तर तेवढी पुस्तकं जातील.

नारायणपेठ_डीटीपी
ताई, फाईली दोन ठिकाणी आहेत. पण अख्ख्या डिस्कची इमेज नाही. ह्या रविवारी करतो.

सलील_औंध
विंडोजचं कोणी सांगेल का? इनसायडरमध्ये आहे लॅपटॉप. मला पण बाहेर पडायचंय.

अनघा_द
सलील, चॅनल (चाचणीचा टप्पा) कुठला? कॅनरी किंवा डेव्ह असेल तर बाहेर पडायला बहुतेक वेळा क्लीन इन्स्टॉलच, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकणं, पेन ड्राइव्ह करून. बीटा किंवा रिलीज प्रिव्ह्यू असेल तर तेच व्हर्जन पब्लिकला आलं की सेटिंग्जमधून अनएनरोल होता येतं, काही पुसावं लागत नाही.

नुकतंच मोठं अपडेट टाकलं असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरीमध्ये गो बॅक असतं, पण फक्त 10 दिवस. पूर्वी 30 होते, 2016 मध्ये 10 केले. ते चालतं जुनं विंडोज ठेवलेल्या विंडोज डॉट ओल्ड फोल्डरच्या जोरावर, म्हणून जागा हवी म्हणून डिस्क क्लीनअप चालवून ते उडवू नका. आणि ते 10 दिवस संपायच्या आत डीआयएसएम ह्या विंडोजमधल्या टूलची कमांड देऊन मुदत 60 दिवसांपर्यंत वाढवता येते. मी नवीन काहीही टाकलं की पहिलं काम ते करते, कारण खरे त्रास पहिल्या आठवड्यात दिसतच नाहीत, महिनाअखेरीला प्रिंटर लावला की दिसतात.

सलील_औंध
डेव्ह. म्हणजे पेन ड्राइव्ह. धन्यवाद.

मंदार_लिनक्स
लिनक्सवर या. टाइमशिफ्ट हे टूल लावा, अपडेटच्या आधीचा स्नॅपशॉट (सिस्टीमची तेव्हाची प्रत) निवडा, रिबूट करा, सिस्टीम जशीच्या तशी.

ओंकार_हिंजवडी
मंदार, टाइमशिफ्ट होम फोल्डर, जिथे आपल्या फाईली असतात तो, घेत नाही बाय डिफॉल्ट. सिस्टीम जुनी आणि होममधला ॲप्सचा डेटा नवीन, परत तीच गोष्ट. डेबियन हे लिनक्स बनवणारे तर स्पष्ट सांगतात की पॅकेज डाउनग्रेडला सपोर्ट नाही.

मंदार_लिनक्स
होय, म्हणून होमचा बॅकअप वेगळा घ्यायचाच. तरीसुद्धा आमच्याकडे दार उघडं आहे, कोणाची सही लागत नाही, एवढा फरक मोठा आहे.

प्राजक्ता_क्यूए
हा फरक खरंच मोठा आहे.

मीनल_वारजे
सगळ्यांना कळवते. माझा आयफोन टिळकरोड_रिपेअर यांनी सांगितलं तसा रिस्टोर केला, जुना बॅकअप चढवला, बँकेचं ॲप चालू. डाउनलोड मध्येच असताना फोन रिकव्हरीतून बाहेर आला, तुम्ही लिहिलेलं होतं म्हणून शांत बसले. भावानं ऑप्ट आउट करून ठेवलंय, ते डाउनग्रेड टाकलेलं नाही, वाट बघतोय. वर्गणीचं काम आईच्या फोनवरून चालू आहे, मंडळाच्या ग्रुपवर सांगितलंय की पाठवल्यावर स्क्रीनशॉट टाका.

मधल्या काळातले व्हॉट्सॲप मेसेज मात्र माझे येणार नाहीत असं धरून चालले होते, ते आले. कसे काय ते कळलं नाही.

टिळकरोड_रिपेअर
तुमच्या व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअप आयक्लाउडवर चालू असणार ताई. तो ॲपचा असतो, आयओएसच्या व्हर्जनशी त्याचं देणंघेणं नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो पुसायच्या आधी व्हॉट्सॲपमध्ये जाऊन बॅकअप नाऊ दाबा. अँड्रॉइडवाल्यांनी ड्राइव्हवर जागा आहे का बघा, आता तो बॅकअप गूगलच्या फुकट 15 जीबीतच धरला जातो, ड्राइव्ह भरलं असेल तर बॅकअप होतच नाही आणि कळत पण नाही.

भाग्यश्री_जे
आणि व्हॉट्सॲपचाच बीटा असेल तर? माझ्याकडे प्ले स्टोअरवरून आहे. जुनं एपीके (ॲपची इन्स्टॉल करायची फाईल) वरून टाकायला गेले तर घेतच नाही.

निखिल_पाषाण
नवीनच्या डोक्यावर जुनं एपीके अँड्रॉइड बसू देत नाही. प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या पानावर खाली लीव्ह बीटा आहे ते दाबा, पण लगेच अनइन्स्टॉल करू नका. स्टेबलचा नंबर तुमच्या बीटाच्या नंबरपर्यंत येऊ द्या, थोड्या दिवसांत येतो, मग ते अपडेट म्हणूनच बसतं. लगेच काढून जुनं टाकलं तर नवीन व्हर्जनचा बॅकअप त्याला वाचता येईलच ह्याची खात्री नाही.

शिरीष_काका
घड्याळाचं काय करायचं? नातवानं माझ्या ॲपल वॉचवर बीटा टाकून दिला आहे.

टिळकरोड_रिपेअर
काका, घड्याळाला परतीचा रस्ता नाही. वॉचओएस, म्हणजे घड्याळाची सिस्टीम, आपल्याला घरी मागे नेता येत नाही. फोन जुन्या व्हर्जनवर नेलात तर घड्याळ त्याला पेअर पण होणार नाही, म्हणून फोनला आता हात लावू नका, दोन्ही आहेत तसेच ठेवा आणि दोन्हींचे बीटा अपडेट्स ऑफ करून ठेवा. फायनल आलं की आधी फोन अपडेट करा, मग घड्याळ चार्जरवर ठेवून ते.

शिरीष_काका
ठीक आहे. फोनवर बीटा आहे का नाही तेच मला माहीत नाही. कुठे बघायचं?

टिळकरोड_रिपेअर
सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट. तिथे बीटा अपडेट्स अशी ओळ दिसेल, तिच्यासमोर काय लिहिलंय ते इथे टाका, मग पुढचं सांगतो.